ओस पडलेल्या मुख्य पेठेविषयी

छोट्या शहराची मुख्य पेठ एका दिवसात ओस पडत नाही. आधी वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडे हलतात, मग कचेऱ्या बाहेरच्या रस्त्यालगत जातात आणि शेवटी दुकानांना कुलपे लागतात. अमेरिकेत १९५६ साली महामार्गांचा मोठा कायदा झाला आणि त्याच वर्षी मिनेसोटातील इडायना येथे साउथडेल हा बंदिस्त मॉल उघडला; पुढे असे मॉल वाढत गेले आणि अनेक जुन्या पेठांचे गिऱ्हाईक मोटारीने गावाबाहेर जाऊ लागले. मिशिगनमधील कॅलमझूने १९५९ मध्ये मुख्य रस्त्याचा काही भाग केवळ पादचाऱ्यांसाठी राखला, परंतु १९९८ मध्ये त्याच्या काही भागावर वाहने पुन्हा सुरू झाली. केवळ फरसबंदी आणि बाके पुरेशी नसतात, हे मला यातून प्रकर्षाने जाणवते.

१९८० मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय वारसा-जतन संस्थेने सुरू केलेला ‘मेन स्ट्रीट’ उपक्रम मला अधिक आश्वासक वाटतो, कारण त्यात जुन्या इमारतींची डागडुजी, व्यापाऱ्यांचे संघटन आणि अर्थकारण यांचा एकत्रित विचार केला जातो. मात्र माझ्या मते खरी सुरुवात दुकानांवरच्या रिकाम्या खोल्यांपासून व्हावी: तेथे माणसे राहू लागली, तर संध्याकाळी दिवे लागतील आणि किराणा दुकानदारालाही दुकान उघडे ठेवणे परवडेल.