रद्दीत गेलेलं पुस्तक

रविवार, रात्र

आज उपासना सुटल्यावर महिला मंडळाच्या आम्ही सगळ्या चहाला थांबलो होतो. एकीनं मोबाईल पुढं केला. लेकरांच्या हाती लागू नयेत अशा पुस्तकांची आणि सिनेमांची यादी होती. कुठूनतरी परदेशातून फिरत आलेली, वर कुणीतरी मराठीत जोडलेलं : ‘ख्रिस्ती आईबापांनो, जागे व्हा.’ यादीतलं चौथं नाव वाचलं आणि माझा घोट तोंडातच राहिला. तेच पुस्तक मंगळवारपासून धाकट्याच्या उशाशी आहे.

“वहिनी, तुमच्यात नाही ना असलं काही?”

“आहे,” मी म्हटलं. “वाचतोय तो.”

मग कुणी काही बोललं नाही. कप गोळा करताना एक मावशी हळूच म्हणाल्या, “तू तर संडेस्कूल घेतेस गं.”

त्यांना मी नावं ठेवणार नाही. बारा वर्षांपूर्वी ही यादी मीच चार घरी पाठवली असती. रिक्षानं शाहूपुरीतून घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

सोमवार

झोप लागली नाही, म्हणून लिहून काढते.

थोरली सातवीत होती. तिच्या मैत्रिणीनं तिला हॅरी पॉटरचा पहिला भाग वाचायला दिला होता. मूळ इंग्रजी पुस्तक १९९७ चं, म्हणजे आपल्या घरात ते पोचेपर्यंत त्यावरची भांडणं जुनी झालेली. अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांत शाळा आणि वाचनालयांतून काढून टाका म्हणून सगळ्यात जास्त तक्रारी याच मालिकेवर झाल्या. न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावात एका चर्चनं २००१ च्या डिसेंबरअखेर ही पुस्तकं जाळली. एवढं सगळं मला तेव्हा कुठं ठाऊक होतं? एका प्रार्थनासभेत ऐकलं होतं, की त्यात जादूटोणा आहे, आणि बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मंत्रतंत्र करणाऱ्यांना परमेश्वरानं मना केलंय. तेवढं मला पुरलं.

थोरली क्लासला गेली होती. मी पुस्तक उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि रद्दीच्या गठ्ठ्यात मधोमध घातलं. तिनं पान खुणेसाठी बसचं तिकीट घातलेलं होतं. ते कागदातून अर्धं बाहेर आलं होतं, ते मी बोटानं आत सारलं. ते बोट आजही आठवतं. एक पानसुद्धा मी वाचलं नव्हतं.

ती रडली नाही. “आई, ते माझं नव्हतं,” एवढंच म्हणाली. मैत्रिणीच्या आईला मी पैसे नेऊन दिले. त्या बाईंनी कारण विचारलं नाही, आणि मला ते बरं वाटलं होतं.

त्याच वर्षी संडेस्कूलला मी बायबलातल्या शौल राजाची गोष्ट घेतली होती. एन-दोरची भूतविद्या करणारी बाई, रात्री वेश पालटून तिच्याकडं गेलेला राजा, आणि तिनं बोलावल्यावर वर आलेला मेलेला संदेष्टा शमुवेल. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती आणि मी रंगवून सांगत होते. घरातल्या पोरीला मात्र त्याहून साधी गोष्ट वाचू दिली नाही. आणि या गावात आमची मुलं काय ऐकत वाढतात? नवरात्रात अंबाबाईच्या गोष्टी, चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून गुलालानं माखून आलेले मित्र, गल्लीतला गणपती. त्यातलं एकही आम्ही बंद केलं नाही. आपलं काय, दुसऱ्याचं काय, हे मुलांना घरातल्या प्रार्थनेतून आपोआप कळत गेलं. मग एका इंग्रजी पुस्तकाचीच एवढी धास्ती का घेतली मी? ती भीती माझी नव्हतीच. दुसऱ्या देशातून आयती आलेली मी घरात घेतली.

बुधवार

बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा वाचला. कोवळ्या वयात बाबेलला धरून नेलेली ती चार मुलं. राजानं त्यांना खास्दी लोकांची विद्या आणि भाषा शिकवायला बसवलं. ती विद्या म्हणजे परक्या दैवतांची, ज्योतिष्यांची. दानीएलानं राजाच्या ताटातलं अन्न नाकारून भाजीपाला मागितला, पण ती पुस्तकं नाकारली नाहीत. उलट पुढं लिहिलंय, की सगळ्या विद्येत देवानंच त्यांना बुद्धी दिली. इतकी वर्षं मी हा धडा शिकवते आणि प्रत्येक वेळी भाजीपाल्यावरच थांबते.

आपली मंडळी तरी कशानं उभी राहिली? अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांनी शाळा काढल्या. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. विधवांचे हाल उघड मांडणारं ते पुस्तक त्या काळी कितीजणांना झोंबलं असेल. नकोसं बोलणाऱ्या पुस्तकाची किंमत आपल्या लोकांना माहीत होती.

गुरुवार, उशिरा

धाकट्याच्या उशाशी आहे ते फिलिप पुलमनचं ‘नॉर्दर्न लाइट्स’. १९९५ चं, तीन भागांतलं पहिलं. त्यावर २००७ साली ‘द गोल्डन कंपास’ नावानं सिनेमा आला, तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगनं बहिष्काराची हाक दिली होती. त्यांचं म्हणणं असं, की सिनेमा सौम्य केलाय, पण मुलं त्यावरून पुस्तकांकडं वळतील, आणि पुस्तकं चर्चच्या विरोधात आहेत. हे काही खोटं नाही. लेखक देव मानत नाही, तसं तो उघड सांगतो. तिसऱ्या भागात तर स्वतःला देव म्हणवणारा एक जख्ख म्हातारा वाऱ्यावर विरून जातो. हॅरी पॉटर आणि हे, दोन्ही एकाच यादीत एका ओळीत घालणारानं दोन्ही वाचलेली नाहीत. एकात जादू आहे, दुसऱ्यात सरळ आपल्या श्रद्धेशी वाद आहे. मला काळजी वाटते ती दुसऱ्याची.

म्हणून ठरवलं, काढून घ्यायचं नाही, सोबत बसायचं. इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनीही २००४ साली लंडनच्या नॅशनल थिएटरात पुलमनशी समोरासमोर बसून चर्चा केली होती, आणि धर्मशिक्षणाच्या तासाला ही पुस्तकं घ्यावीत असं सुचवलं होतं. रोज रात्री जेवणं आटोपली की तो वाचतो, मला अडेल तिथं मराठीत सांगतो.

त्या जगात प्रत्येक माणसाचा जीव एखाद्या प्राण्याच्या रूपात त्याच्या सोबत चालतो. चर्चची माणसं लहान मुलांना पळवून नेऊन तो प्राणी त्यांच्यापासून कापून वेगळा करतात. आज ते पान आलं. टोनी नावाचं एक पोर मासे वाळवायच्या खोपटात सापडतं. त्याचा प्राणी गेलाय, आणि त्यानं एक सुका मासा दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलाय. धाकटा वाचता वाचता थांबला. मीही काही बोलले नाही. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता तेवढाच आवाज.

“आई, हे चर्चनं केलंय?”

“गोष्टीतल्या.”

“खऱ्या चर्चनं कधी केलंय असलं?”

मला सोपं उत्तर देता आलं असतं. पण मी त्याला गॅलिलिओचं सांगितलं, १६३३ साली त्याच्यावर खटला भरून त्याला गुडघ्यावर बसवलं ते. धर्माच्या नावावर माणसांनी माणसांना छळलंय, हे लपवलं नाही. मग म्हटलं, लहान लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या असं म्हणणारा प्रभू आणि त्या गोष्टीतली ती माणसं, दोन्ही शेजारी ठेवून बघ. तो बराच वेळ गप्प होता.

“म्हणजे लेखक ज्याच्यावर चिडलाय, त्याच्यावर येशू पण चिडला असता.”

हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. तिसऱ्या भागातल्या म्हाताऱ्यापाशी येऊ तेव्हा मात्र माझी कसोटी आहे. पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलं, “सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा.” पारख करायची तर वस्तू हातात घ्यावी लागते.

शनिवार

पुण्याला थोरलीला फोन लावला. रद्दीचा विषय काढला. माझं चुकलं, म्हटलं. बारा वर्षांनी.

ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “आई, मी सगळे भाग वाचलेत. सातही. राजारामपुरीत, त्या मैत्रिणीच्या घरी. तुला सांगायचे अभ्यासाला जाते म्हणून.”

मला राग आला नाही. खोटं बोलायला मीच शिकवलं होतं तिला.

मग तिनं शेवटच्या भागातलं सांगितलं. सगळीकडं बर्फ साचलेला, नाताळची आदली रात्र, आणि तो मुलगा पहिल्यांदाच आपल्या आईवडिलांच्या कबरीपाशी जातो. दगडावर एक वचन कोरलेलं असतं. बायबलातल्या, करिंथकरांना लिहिलेल्या पौलाच्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातलं. शेवटला शत्रू जो मृत्यू, तोही नाहीसा केला जाईल.

आमच्या आप्पांच्या दगडावर तेच आहे. मीच निवडलेलं.

“नववीत वाचलं मी ते,” ती म्हणाली. “त्याच वर्षी ईस्टरच्या पहाटे आपण दफनभूमीत गेलो होतो, आठवतंय? तू आप्पांच्या दगडावर फुलं ठेवत होतीस. मी मागंच उभी होते. तुला सांगायचं होतं गं मला.”