टाकीतला मातीचा वास

एप्रिल निम्मा सरला होता. दुपारी मेडिकल बंद करून जेवायला घरी आलो, तर आई ओसरीत उभी राहून आभाळ बघत होती. म्हणाली, "वळवाचा वास यायलाय रे. पण ढग तर एकबी दिसंना."

लातूरच्या उन्हात ढग कुठला दिसणार? पण वास मलाही आला. पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसाच, फक्त थोडा कुबट. माग काढत गेलो तर बैठकीतल्या खिडकीजवळच्या माशांच्या टाकीपाशी पोचलो.

टाकी दोन फुटी, पाणी धरतं साधारण ६५ लिटर. आत गप्पी, तळाशी फिरणारे चार-पाच कोरीडोरस मासे आणि मागच्या बाजूला वालिसनेरिया या पाणवनस्पतीची लांब पाती. आठवडाभर मी तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. तळाच्या वाळूवर निळसर-हिरवी मखमल पसरली होती आणि वालिसनेरियाच्या बुडाशीही तिचे फडके गुंडाळले होते. फडक्यांखाली हवेचे बुडबुडे अडकलेले. बोटानं टोकरलं तर दुधावरची साय यावी तसा अख्खा पापुद्रा उचलून हातात आला, आणि बोटांचा तो वास दोनदा साबण लावला तरी जाईना.

मला वाटलं शेवाळ आहे, आणि इथंच पंधरा दिवस वाया गेले. माशांच्या दुकानदारानं आधी शेवाळ मारायची एक बाटली दिली, मग एक सकर मासा दिला, "हा सगळं चाटून काढतो" म्हणाला. सकरनं काच चाटली, लाकूड चाटलं, माशांचं खाद्यही पळवलं. त्या मखमलीला मात्र तोंड लावलं नाही. मी रोज सकाळी पापुद्रे उपसायचो आणि तिसऱ्या दिवशी वाळू पुन्हा झाकलेली असायची.

एक मित्र कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. एका रविवारी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत थोडा पापुद्रा घेऊन त्याच्याकडं गेलो. त्यानं काचपट्टीवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली लावला आणि मला बघायला बोलावलं. बारीक हिरवे धागे होते, आणि ते हळूहळू सरकत होते. शेवाळ असं चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "कारण हे शेवाळ नाहीच. नाव निळं-हिरवं शेवाळ, पण आहेत सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. पेशीला केंद्रक नाही. वनस्पतीसारखं उन्हावर जगतात एवढंच." लोणारच्या सरोवराचं पाणी हिरवं दिसतं तेही याच भावकीमुळं, म्हणाला. आणि आईचं नाक बरोबर होतं. पावसाच्या मातीला जो वास येतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. मातीतले काही जिवाणू ते तयार करतात, तसेच यांच्यातलेही काही करतात.

जिवाणू म्हटल्यावर माझ्या डोक्यात लगेच काय आलं असेल ते मेडिकलवाल्यांना सांगायला नको. एरिथ्रोमायसिन, जिवाणू मारणारं अँटिबायोटिक. मासे पाळणारे कितीतरी जण यावर हेच औषध टाकीत घालतात आणि ते लागूही पडतं. माझ्या तर पाठीमागच्या फळीवरच पट्ट्या होत्या. दोन दिवस मी त्या फळीकडं बघत राहिलो. पण काउंटरवर मीच पाटी लावलीय, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही. टाकीची चिठ्ठी कोण लिहून देणार? शिवाय फिल्टरच्या स्पंजात माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू असतात, त्यांना धक्का बसला तर मासेच जायचे. आणि टाकीतलं काढलेलं पाणी आमच्याकडं मोरीत जात नाही, आईच्या तुळशीला आणि कढीपत्त्याला जातं. गोळ्या फळीवरच राहिल्या.

मग उरला लांबचा रस्ता, आणि त्यात मोठी अडचण पाण्याची. सगळे सांगतात, निम्मं पाणी बदला, परत दोन दिवसांनी बदला. त्या उन्हाळ्यात आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. निम्मी टाकी म्हणजे अडीच घागरी. ज्या गावानं २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालं, तिथं माशांसाठी अडीच घागरी ओतताना हात कचरतो. आईनं तर स्पष्टच विचारलं, "माणसाला पाणी नाही अन् तू माशांना आंघोळी घालायलास?"

उपाय दुकानातच सापडला. सलाइनचा सेट. त्याची नळी बारीक असते आणि प्रवाह कमी-जास्त करायला चाकही असतं. पापुद्र्याच्या कडेला टोक धरायचं, चाक थोडं सैल करायचं, की पापुद्रा नळीत ओढला जातो आणि पाणी जेमतेम तांब्याभर खर्ची पडतं. मधेमधे नळी तुंबते, तेव्हा सिरिंजनं पाण्याचा फटका मारायचा. सुरुवातीला मी तोंडानं ओढून पाणी चालू करायचो. या जिवाणूंतल्या काही जाती विषारी असतात हे कळल्यापासून तेही सिरिंजनंच.

वाळू हलवल्यावर खरी घाण दिसली. तळाशी कुजकं खाद्य, मेलेली पाती. फिल्टरचा स्पंज पिळला तर चहासारखं पाणी निघालं. तुंबल्यामुळं त्याची धार अगदी मेली होती, आणि जिथं पाणी हलत नव्हतं त्याच कोपऱ्यात मखमल सर्वात जाड होती. स्पंज टाकीच्याच पाण्यात धुतला, नळाच्या नाही, आणि धार त्या कोपऱ्याकडं वळवली. खाद्य माझी मुलगी घालायची, सकाळ-संध्याकाळ मूठ मोकळी सोडून. तिला चिमूट म्हणजे किती हे दाखवलं. ती दोन दिवस रुसली.

दगडाला आणि लाकडाला चिकटलेलं नळीनं निघेना, तिथं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरलं. इथं सांभाळायचं एकच. परदेशी सल्ले ३ टक्क्यांच्या द्रावणाचे असतात आणि आपल्याकडं मेडिकलात मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं, म्हणजे मात्रा निम्मी. मी पूर्ण टाकीला दिवसाला ८ मिलिलीटरच्या वर गेलो नाही. फिल्टर बंद ठेवून सिरिंजनं थेट डागावर सोडायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग फिल्टर चालू. लगेच बुडबुडे उठतात. दुसऱ्या दिवशी डाग राखाडी पडला होता.

नंतर अंधार. मेडिकल उघडायच्या आधी टाकीवर आईची जुनी वाकळ पांघरली ती चार दिवस काढली नाही. खाद्य बंद, दिवा बंद, पण एअर पंप चोवीस तास चालू, कारण मेलेले जिवाणू कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. दुसऱ्या रात्री दोन तास लाइट गेली तेव्हा पंप इन्व्हर्टरवर होता म्हणून निभावलं. मुलगी वाकळीचं टोक उचलून टॉर्चनं मासे मोजताना सापडली. "एकोणीस आहेत," तिनं कळवलं. पाचव्या दिवशी उघडलं तेव्हा अठरा होते. एक म्हातारा गप्पी गेला होता. पाणी गढूळ, वास आणखी वाईट, पण मखमल तपकिरी चिंध्या होऊन पडली होती. त्या नळीनं ओढल्या आणि दोन घागरी पाणी बदललं. आई त्या दिवशी काही बोलली नाही. कढीपत्त्याला तेवढ्या बादल्या तिनंच नेल्या.

सर्वात आश्चर्य नायट्रेटचं, म्हणजे माशांची घाण पचून शेवटी पाण्यात जे उरतं त्याचं. एवढी घाण, म्हणजे नायट्रेट भरपूर असणार असा माझा हिशेब. तपासणीची पट्टी बुडवली तर जवळपास शून्य. मित्राच्या मते वालिसनेरियानं असलेलं सगळं खाल्लं आणि पुढं तीच उपाशी राहून खुंटली. सायनोबॅक्टेरियातल्या काही जाती मात्र हवेतला नायट्रोजन पकडून जगू शकतात, त्यांना अशा वेळी रान मोकळं मिळतं. आता नायट्रेट कुठून आणायचं? चुलतभावाच्या टोमॅटोला ठिबकमधून १३:००:४५ हे खत जातं, ते म्हणजे निव्वळ पोटॅशियम नायट्रेट. फोन केला तर तो हसला. "मासे पिकवायलास का काय?" मूठभर कागदात बांधून आणलं. एक ग्रॅम मोजायला शेजारच्या सराफाचा काटा. ६५ लिटरमध्ये एक ग्रॅमनं नायट्रेट लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅमनं वाढतं. आठवड्यातून एकदा तेवढं दिलं. वालिसनेरियाला नवी पाती फुटली.

जूनमध्ये पुन्हा थोडं दिसलं, समोरच्या काचेला लागून वाळूच्या आत एक हिरवी रेघ. खिडकीचं सकाळचं ऊन काचेतून थेट तिथं पडत होतं. खिडकीला पडदा लावला आणि काचेच्या बाहेरून, वाळूच्या उंचीएवढी, इलेक्ट्रिशियनची काळी टेप चारी बाजूंनी चिकटवली. रेघ महिन्याभरात विरली. टेप अजून तशीच आहे. आई घरी येणाऱ्यांना सांगते, मासे देखणे आहेत, म्हणून पोरानं टाकीला काळं लावलंय, दृष्ट लागू नये म्हणून. मी काही बोललो नाही.