आमची वाटचाल : मीटरपासून संगणकापर्यंत

मोजमापाची उपकरणं संगणकाला जोडून त्यांची रीडिंग आपोआप घेणं हे आमचं काम. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भागीदार. पहिलं काम एका प्रयोगशाळेचं. तिथे बॅटऱ्यांची चाचणी रात्रभर चालायची आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ दर दहा मिनिटांनी मल्टिमीटरवरचा आकडा वहीत उतरवायचा. पहाटेच्या पानांवर ३ कुठला आणि ८ कुठला हे ओळखू येत नसे. त्या माणसाची चूक नव्हती, कामच तसं होतं.

त्या मीटरच्या मागे आरएस-२३२ पोर्ट होता, म्हणजे संगणकाशी बोलण्याची जुन्या पद्धतीची सिरियल जोडणी. केबल लावली, बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) ९६०० ठेवला, कमांड पाठवली. काहीच उत्तर नाही. दोन दिवस गेले. मग लक्षात आलं की केबल सरळ होती आणि इथे २ व ३ नंबरच्या पिना आलटून-पालटून जोडलेली, म्हणजे नल मोडेम केबल हवी होती. ती बदलली तरी मीटर गप्पच, कारण कमांडच्या शेवटी न्यूलाइन, म्हणजे ओळ संपल्याची खूण, जात नव्हती. ती जोडली आणि ‘*आयडीएन?’ला, म्हणजे ‘तू कोण?’ या कमांडला, उत्तर आलं : कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, फर्मवेअर (आतला प्रोग्राम). ती एक ओळ पडद्यावर आली तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो.

पुढे जीपीआयबीची कामं आली, म्हणजे अनेक उपकरणं संगणकाला एकत्र जोडणाऱ्या सामायिक केबल-जोडणीची (बसची). ही बस हेवलेट-पॅकार्डने काढली आणि १९७५ मध्ये तिचं आयईईई ४८८ हे मानक झालं. एका बसवर १५ उपकरणं, केबल एकूण २० मीटरपर्यंत. एकावर एक चढवलेले ते जाड २४ पिनांचे कनेक्टर आजही चोख काम करतात. मात्र दोन उपकरणांना एकच पत्ता दिला गेला की बसवर गोंधळ होतो, म्हणून आम्ही प्रत्येक उपकरणावर पत्त्याचं लेबल चिकटवतो.

ज्या चुकीने आम्हाला खरं काम शिकवलं ती यानंतरची. पॉवर सप्लायचा व्होल्टेज पायरी-पायरीने वाढवायचा आणि प्रत्येक पायरीला प्रवाह मोजायचा, एवढंच काम होतं. प्रोग्राम झपाझप चालला, आलेख देखणा आला, आम्ही तो सुपूर्द केला. दोन आठवड्यांनी ग्राहकाचा फोन आला : सगळी वक्ररेषा एक पायरी सरकलेली आहे. मीटर मोकळा चालू होता, म्हणजे आपल्याच गतीने सतत मोजत होता, आणि विचारल्यावर तो नुकतंच मोजलेलं जुनं रीडिंग देत होता. शिवाय लोडमधले, म्हणजे सप्लायला जोडलेल्या सर्किटमधले, कपॅसिटर भरेपर्यंत आम्ही थांबतच नव्हतो. ‘*ओपीसी?’ (‘काम संपलं का?’) या कमांडला १ आलं म्हणजे उपकरणाने आपलं काम संपवलं, सर्किट स्थिरावलं असा त्याचा अर्थ नाही. ते दोन आठवड्यांचं रीडिंग बाद झालं. आम्ही आमच्या खर्चाने सगळ्या चाचण्या पुन्हा केल्या.

तेव्हापासून मीटर ट्रिगरवर ठेवतो, म्हणजे आम्ही सांगू तेव्हाच तो मोजतो, थांबण्याचा वेळ ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेज वेळेनुसार कसा बदलतो ते दाखवणाऱ्या उपकरणावर) मोजून ठरवतो आणि प्रत्येक टप्प्यानंतर ‘सिस्ट:एर?’ ही कमांड विचारून चुकांची रांग रिकामी असल्याची खात्री करतो. वेळ, रेंज, पाठवलेली कमांड, सगळं रीडिंगसोबत साठवतो. ग्राहकांना पडदे रंगीत हवे असतात, ते आम्ही देतो. पण माझा जीव या साठवलेल्या ओळींत असतो.

आता बहुतेक उपकरणांना लॅन, म्हणजे संगणकांच्या नेटवर्कची जोडणी, आहे. व्हिसा या, उपकरणांशी बोलण्याच्या सामायिक सॉफ्टवेअरमुळे जुना जीपीआयबी मीटर आणि नवा लॅनवाला एकाच प्रोग्राममधून चालतात, बरेचदा फक्त पत्त्याची ओळ बदलावी लागते. मात्र माणूस दूर बसला की जबाबदारी वाढते. संपर्क तुटला आणि सप्लाय ४० व्होल्टवर तसाच चालू राहिला तर शेजारी हात घालायला कुणी नसतं. म्हणून संपर्क गेला की आउटपुट आपोआप बंद होईल अशी सोय आम्ही प्रत्येक सेटअपमध्ये करतो, आणि सुपूर्द करण्याआधी चाचणी ऐन रंगात असताना मी स्वतः लॅनची केबल उपटतो आणि मीटरवरचा आकडा शून्यावर येईपर्यंत तिथून हलत नाही.