मेटल डिटेक्टर वाजतो आणि आपण पुढे निघतो

सीएसएमटीला संध्याकाळच्या गर्दीत कधी दोन मिनिटं बाजूला उभं राहून बघा. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून माणसांचा लोंढा आत शिरत असतो, चौकट सारखी वाजत असते आणि समोरची फास्ट सुटायच्या आत गाठायचीय म्हणून कोणी मान वळवूनही बघत नाही. शेजारी बसलेला जवान तरी काय करणार? प्रत्येकाकडे मोबाईल, किल्ल्या, पिशवीत स्टीलचा डबा, वाजणारच की. लोकलने रोज ७० लाखांच्या वर माणसं प्रवास करतात आणि यातल्या प्रत्येकाची बॅग उघडायची म्हटलं तर रांग थेट रस्त्यापर्यंत जाईल, आणि ज्याला माणसं मारायचीच आहेत त्याला ती रांगच आयती सापडेल. एअरपोर्टसारखं चेकिंग लावा असं टीव्हीवर तावातावाने सांगणाऱ्यांनी एकदा दादरचा पूल उतरून दाखवावा.

चेकिंग नकोच असं मी म्हणत नाहीये. पण आपल्याकडे सुरक्षा म्हणजे मागच्या वेळी जे झालं त्याचा बंदोबस्त, असंच चाललंय. ११ जुलै २००६ ला वेस्टर्नच्या गाड्यांमध्ये फर्स्ट क्लासच्या डब्यांत ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड, सगळी आपली रोजची स्टेशनं. त्यानंतर बॅगा तपासणं आलं, बेवारस वस्तूंच्या घोषणा आल्या. आणि दोनच वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ ला, जे आले ते बॅग लपवून ठेवायला आलेच नव्हते, ते समुद्रातून होडीने कुलाब्याच्या मच्छीमार नगरला उतरले आणि त्यातले दोघे एके-४७ घेऊन सरळ चालत याच सीएसएमटीत, तेव्हाच्या सीएसटीत, शिरले. मेटल डिटेक्टर वाजला काय नि नाही वाजला काय! ताजबद्दल रतन टाटा तेव्हा म्हणाले होते की आम्हाला आधी इशारा मिळाला होता, बंदोबस्तही वाढवला होता, पण तो सगळा पुढच्या दाराला आणि ते पुढून आलेच नाहीत. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचं तर त्याहून वाईट. रायगडच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं तेव्हा तिथे कस्टम होतं, पोलीस होते, नाके होते, सगळं होतं. त्यातल्या काहींनी पैसे खाल्ले, पुढे कोर्टात शिक्षाही झाल्या, पण तोवर २५७ माणसं गेली होती.

मग २६ नोव्हेंबरच्या त्या रात्री उपयोगी काय पडलं? सीएसटीच्या अनाऊन्सर केबिनमध्ये बसलेले विष्णू झेंडे. समोर गोळीबार दिसत असताना हा माणूस माईक सोडून पळाला नाही, लोकलच्या प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडा म्हणून सांगत राहिला आणि त्यामुळे कितीतरी जण आज घरी आहेत. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे, हातात फक्त काठी, त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, अंगावर गोळ्या घेतल्या आणि तो जिवंत सापडला. कोळीवाड्यातल्या लोकांनीही उतरणाऱ्या पोरांना हटकलं होतं. म्हणजे डोळे उघडे होते, पण कोळ्याने बघितलेलं कंट्रोल रूमपर्यंत दहा मिनिटांत पोचेल अशी सोय नव्हती. पैसा तिथे घाला ना, चांगली जॅकेटं द्या, वायरलेस द्या, बीटवरच्या हवालदाराला वस्तीत बसून गप्पा मारायला वेळ द्या. शहरभर सीसीटीव्ही लागायला २०१६ उजाडलं, लागले ते चांगलंच झालं, पण कॅमेरा बहुतेकदा कोण आलं होतं ते नंतर सांगतो, येणाऱ्याला अडवत नाही.

आणि भीतीचं एक सांगायचंय. आमच्या लेडीज डब्यात मध्यंतरी रॅकवर एक काळी सॅक दिसली, कुर्ल्यापासून कोणी हात लावला नव्हता. कोणाची आहे, कोणाची आहे असं ओरडणं सुरू झालं, सगळ्या दाराकडे सरकल्या, आणि मग मी बघितलं की अर्ध्या डब्याच्या नजरा खिडकीजवळ बसलेल्या बुरख्यातल्या बाईंवर. तिच्या मांडीवर झोपलेलं पोर होतं. ती एवढंच म्हणाली, "मेरी नहीं है ताई," आणि पोराला छातीशी धरलं. कोणीतरी १३९ ला फोन लावला, पुढच्या स्टेशनला पोलीस चढले, सॅकमध्ये डबा, छत्री आणि कॉलेजच्या वह्या निघाल्या. सगळ्या परत जागेवर बसल्या, पण त्या बाईंना सॉरी म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मी शेजारी जाऊन बसले, काय बोलावं कळेना, पाणी विचारलं. मला त्या सॅकपेक्षा त्या नजरांची जास्त भीती वाटली, खरंच सांगते.

कारण अशाच नजरेने तपास झाला की काय होतं ते समोर आहे. २००६ च्या स्फोटांत १८० हून जास्त माणसं गेली. त्या केसमध्ये शिक्षा झालेल्या सगळ्या १२ जणांना २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने निर्दोष सोडलं, गुन्हा सिद्धच झाला नाही म्हणून. खालच्या कोर्टाने त्यातल्या ५ जणांना फाशीची शिक्षा सुनावली होती, एक जण तर हायकोर्टाच्या निकालाआधी तुरुंगातच वारला. तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरू नका, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. जवळपास १९ वर्षं आत काढली त्यांनी. आणि ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली त्यांच्या हातात काय आहे आज? बॉम्ब ठेवले कोणी, याचं कोर्टात टिकेल असं उत्तर नाही. स्टेशनवर अजून दहा चौकटी उभ्या करण्याआधी सरकारने या घरांना सांगावं की हा तपास आता कोण करणार आणि कधी.