नुसतं पडून राहायचं, तर दुपारची झोप काय वाईट?

फोंड्यात 'रिस्टोरेटिव्ह', म्हणजे आधार घेऊन विसावण्याच्या योगाचा वर्ग घेते म्हटलं की कोणी ना कोणी विचारतंच, "टीचर, लोडावर पाठ टेकून पडून राहायचं, हा कसला योग? त्यापेक्षा दुपारची झोप काय वाईट?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुपारच्या झोपेला मी कशाला नावं ठेवू? एक वाजला की दुकानाचं दार ओढून विसावणारा आपला गोवा. पण झोपेत अंग सैल पडतंच असं नाही. कित्येक जण झोपेत दात आवळतात आणि सकाळी जबडा दुखतो म्हणून उठतात. अंगाचं मुटकुळं करून झोपलेल्याचे खांदे कानाला भिडलेले असतात, ते तसेच राहतात.

जोवर एखादा अवयव अधांतरी आहे, तोवर कुठला ना कुठला स्नायू त्याला धरून ठेवतो. सुप्त बद्धकोणासन घ्या. पाठीवर पडून तळपाय जुळवायचे, गुडघे बाजूंना सोडायचे. गुडघ्यांखाली काही नसेल तर मांड्यांच्या आतल्या बाजूची ओढ सुटत नाही, कितीही वेळ पडा. आता दोन्ही गुडघ्यांखाली चादरीची घट्ट वळकटी सरकवा, पाठीखाली लोड, डोक्याखाली घडी, हातांखाली पंचे. सगळ्या फटी भरल्या पाहिजेत. वर्गात मी प्रत्येकाच्या मनगटाखाली बोट घालून बघते. बोट आत गेलं तर तिथे अजून एक घडी हवी. रोज बाणस्तारीच्या पुलावरून पणजीला दुचाकीने जाणारे एक गृहस्थ येतात. त्यांच्या कोपरांखाली घड्या दिल्या आणि थोड्या वेळाने खांदे आपोआप खाली उतरले. तोवर ते वर चढलेत हे त्यांना जाणवलंही नव्हतं.

ही आधार देण्याची रीत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची. लोड, पट्टे, खुर्च्या, घड्या घातलेल्या चादरी त्यांनी आसनात आणल्या, आजारी आणि थकलेल्या माणसालाही आसन करता यावं म्हणून. त्यांच्या अमेरिकन शिष्या ज्युडिथ हॅन्सन लासाटर यांनी त्यातला विश्रांतीचा भाग वाढवला. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर, हरमल-मांद्र्याकडे पाट्यांवर 'रिस्टोरेटिव्ह योग' लिहिलेलं दिसतं, ते हेच. पाहुण्यांसाठीची चैन समजून आपली माणसं तिकडे फिरकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हठयोगप्रदीपिका या जुन्या संस्कृत योगग्रंथात स्वच्छ लिहिलंय, 'शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्'. थकवा घालवणारं आणि चित्ताला विसावा देणारं. पडून राहणं तेव्हाही आसनच होतं.

मनाचं काय, तर त्याचा दोर श्वासाकडे आहे. मनगटावर बोटं ठेवून बघा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. म्हणून सोडायचा श्वास घेतलेल्यापेक्षा थोडा लांब ठेवायचा, पण ताणायचा नाही. डोळ्यांवर घडीचा पंचा. जागं राहायचं, कारण जबडा आवळला गेला हे जाग्या माणसालाच कळतं आणि सोडताही त्यालाच येतो. एखादीला मध्येच रडू येतं. कंबरेत दुःख साठलेलं असतं वगैरे बोललं जातं, मी तसं सांगत नाही. दिवसभर सावरून धरलेलं माणूस सैल झालं की रडू येऊ शकतं, एवढं पुरे. मी चादर पांघरते आणि बाजूला होते.

हुमण-भात जेवून लगेच नको. संध्याकाळी घरी आल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी वीस मिनिटं काढा. काचबिंदू असेल तर भिंतीला पाय लावून करायची विपरीत करणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पाठीवर सपाट पडू नका, लोड कवेत घेऊन डाव्या कुशीवर पडा. आणि पावसात जरा उघडीप मिळाली की लोड-चादरींना ऊन दाखवा. कुबट वास नाकाशी असला की श्वास लांबत नाही.