बॉम्बे स्ट्रीटशेजारचे फादर

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये नोकरीला लागलं की एक फॉर्म भरून घेतात. देव मानता का, प्रार्थनेला जाता का, असलं काही त्यात नसतं. तुम्ही प्रोटेस्टंट समाजातले की कॅथलिक समाजातले, एवढंच विचारतात. तिसरा पर्याय ‘दोन्हींपैकी नाही’. नोकऱ्यांमध्ये भेदभाव होऊ नये म्हणून कायद्यानेच ही नोंद ठेवावी लागते. मी तिसऱ्या पर्यायावर खूण केली.

जगात कुठे युद्ध पेटलं की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वाद सुरू होतो. एक काका म्हणतात सगळं धर्मामुळे, दुसरे म्हणतात सगळं राजकारणामुळे. इथे राहून मला दोन्ही पटेनासं झालंय. इथलं भांडण ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडला जोडायचं, याचं होतं. 1998 पर्यंतच्या तीस वर्षांत सुमारे 3,500 माणसं गेली. बायबलच्या अर्थावरून कुणी कुणाला मारलं नाही. पण समोरचा कोणत्या बाजूचा, हे ओळखायला त्याचं चर्च, शाळा, नाव पुरत होतं.

कॅथलिकांचा फॉल्स रोड आणि प्रोटेस्टंटांचा शँकिल रोड, यांच्यामध्ये क्लोनार्ड हा कॅथलिक मठ आहे. त्याला लागून बॉम्बे स्ट्रीट. नाव वाचूनच मी तिकडे गेले होते. ऑगस्ट 1969 मध्ये प्रोटेस्टंट जमावाने ही कॅथलिक गल्ली जाळली. त्यानंतर दोन वस्त्यांमध्ये जी ‘तात्पुरती’ भिंत आली, ती आजही उभी आहे. पलीकडून फेकलेले दगड घरावर पडू नयेत म्हणून मागच्या अंगणांवर लोखंडी जाळ्या बसवल्यात.

या मठात फादर ॲलेक रीड राहायचे. 1988 च्या मार्चमध्ये मिलटाउनच्या कब्रस्तानात एका अंत्यविधीवर हल्ला झाला, तीन जण मेले. त्यांच्यापैकी एकाच्या अंत्ययात्रेत, 19 मार्चला, साध्या कपड्यांतले दोन ब्रिटिश सैनिक गाडीसकट घुसले. जमावाने त्यांना ओढून काढलं. फादर मध्ये पडले. त्यांनाही गोळी घालायची धमकी देऊन बाजूला केलं. आयर्लंडला जोडण्यासाठी लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने सैनिकांना गोळ्या घातल्यावर फादर त्या मोकळ्या जागेत धावत गेले, एकाला तोंडाने श्वास देऊन पाहिला, मग दोघांसाठी अखेरची प्रार्थना म्हटली. मृतदेहाशेजारी गुडघे टेकलेले, ओठांना रक्त लागलेले फादर: तो फोटो जगभर गेला.

फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे त्यांच्याजवळचा लिफाफा. शांततेसाठी काय करता येईल, याबद्दल शिन फेन या आयआरएशी जोडलेल्या पक्षाने लिहिलेला तो मसुदा त्यांना हिंसेला विरोध करणारे कॅथलिक नेते जॉन ह्यूम यांच्याकडे पोचवायचा होता. लिफाफ्याला रक्त लागलं होतं. त्यांनी लिफाफा बदलला आणि त्याच दिवशी कागद पोचवला. मला तर हे आजही वाचताना गलबलून येतं. दुसरा कुणी त्या संध्याकाळी म्हणाला असता, या लोकांशी आता कसली बोलणी! ह्यूम आणि शिन फेनचे नेते गेरी ॲडम्स यांना भेटवण्यासाठी ते 1986 पासून खटपट करत होते. आयआरएची शस्त्रसंधी आली 1994 मध्ये, शांतता करार 1998 च्या गुड फ्रायडेला.

हे एका पाद्र्यालाच जमलं, असं मी ठामपणे म्हणेन. निवडणूक लढवायची नाही, कुणाचं गुपित फोडायचं नाही आणि खुनी माणसाशीही बोलणं तोडायचं नाही, ही त्यांच्या व्रताचीच शिकवण. 2005 मध्ये आयआरएची शस्त्रं निकामी केली गेली, तेव्हा साक्षीला दोन धर्मगुरू नेमले: रीड आणि मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे हॅरल्ड गुड. एकाच बाजूच्या साक्षीदारावर दुसऱ्या बाजूने विश्वास ठेवला नसता.

पण चर्च या संस्थेला मी एवढ्या सहज सोडणार नाही. बहुतेक कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं अजूनही वेगवेगळ्या शाळांतच शिकतात. पहिली एकत्र शाळा, लेगन कॉलेज, 1981 मध्ये 28 मुलांना घेऊन पालकांनी सुरू केली, धर्मगुरूंनी नाही. माझी मुलगी अशाच एका शाळेत जाते. तिच्या वर्गात दोन्हीकडची मुलं आहेत, आणि अशा शाळांमध्ये सगळ्यांना पुरतील इतक्या जागा नाहीत. क्लोनार्डसारखं धाडस चर्चने आता इथे दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.