क्रिस्टोबाल, निसर्ग आणि जूनचे दहा दिवस

१ जून २०२०, सोमवार. मेटरी (न्यू ऑर्लिन्सला लागून), लुइझियाना

आजपासून अटलांटिकचा वादळी हंगाम सुरू. कागदावर तो १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, पण समुद्राला कागद कोण दाखवणार! आर्थर मे महिन्यातच नॉर्थ कॅरोलायनाला घासून गेलं, बर्था गेल्या आठवड्यात साउथ कॅरोलायनात शिरलं. सलग सहावं वर्ष असं, की हंगामाआधीच एखाद्या वादळाचं बारसं झालेलं आहे.

आणि आज तिसऱ्याची चाहूल. काल अमांडा नावाचं वादळ पॅसिफिककडून ग्वाटेमालावर चढलं आणि डोंगरांत विरलं. त्याचा ओलावा पलीकडे, मेक्सिकोच्या आखातातल्या कांपेचेच्या उपसागरात उतरला. दुपारी चारच्या पत्रकात मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरने तिथल्या कमी दाबाच्या क्षेत्राला क्रमांक दिला.

ह्यूस्टनहून दादाचा फोन. दादा माझा आतेभाऊ. जून २००१ मध्ये तो तिथे शिकत होता, तेव्हा अ‍ॅलिसन आलं. अ‍ॅलिसन एकदा जमिनीवर येऊन उत्तरेला गेलं, मग मागे फिरलं आणि ह्यूस्टनवर रात्रभर कोसळलं. ते कधीच हरिकेन, म्हणजे वादळांतली वरची पायरी, झालं नव्हतं, तरी त्याचं नाव वादळांच्या नावांच्या यादीतून कायमचं काढावं लागलं. हरिकेन न होता नाव निवृत्त झालेलं ते पहिलंच. त्यामुळे ‘नुसतं उष्णकटिबंधीय वादळ आहे’ असं कुणी म्हटलं की दादा चिडतो. त्याच्या मते हे नवं वादळ टेक्सासला येणार, माझ्या मते आमच्याकडे. अर्धा तास वाद घातला.

फोन ठेवताना तो म्हणाला, “अरबी समुद्रात बघितलंस का? मामाला फोन कर.”

त्याचा मामा म्हणजे माझा काका. श्रीवर्धनला एकटाच राहतो. कौलारू घर, मागे नारळ-पोफळीची वाडी. केला फोन. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची कामं चालली होती, लाकडं आत रचत होता. हवामान खात्याने ३ तारखेसाठी हरिहरेश्वर ते दमण एवढा किनारा सांगितला आहे. त्यात आम्ही पहिल्याच टोकाला.

२ जून, मंगळवार

दोन्ही वादळांना आज एकाच दिवशी नाव मिळालं. तिकडे निसर्ग, इकडे क्रिस्टोबाल. अटलांटिकमध्ये तिसरं नाव इतक्या लवकर कधीच लागलं नव्हतं. आधीचा विक्रम २०१६ च्या कॉलिनचा, ५ जूनचा.

आजचा वाद नावावरून. दादा म्हणतो, ही अमांडाच आहे, नुसता समुद्र बदलला. मी म्हटलं, नियम स्पष्ट आहे. वादळ आपलं चक्र शाबूत ठेवून पलीकडे गेलं तर जुनंच नाव चालतं. अमांडाचं चक्र डोंगरांत मोडलं, तिचे अवशेष मध्य अमेरिकेवरच्या एका मोठ्या, सुस्त भोवऱ्यात मिसळले आणि त्यातून हे उभं राहिलं. म्हणजे नवं वादळ, नवं नाव. दादा म्हणाला, एल साल्वादोरमध्ये ज्यांची माणसं दरडीखाली गेली त्यांना हा नियम सांग. तोच पाऊस त्यांच्यावर अजून पडतोय. मला उत्तर सुचलं नाही. नियम बरोबरच आहे, आणि तो जे म्हणतोय तेही.

निसर्ग हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. तेरा देशांच्या नव्या यादीतलं पहिलं. आपल्याकडे एकदा वापरलेलं नाव पुन्हा येत नाही. इथे सहा याद्या फिरत राहतात, म्हणून २०१४ मध्येही एक क्रिस्टोबाल होऊन गेलं.

रात्री मराठी वाहिन्या लावल्या. सगळीकडे मुंबई. वरळीचा समुद्र, गेटवे, लोकल, रुग्णालयातले करोनाचे तंबू. श्रीवर्धन खालच्या पट्टीत एकदा सरकत गेलं.

३ जून, बुधवार

झोपले नाही. तिकडचे दुपारी साडेबारा ते अडीच म्हणजे इथले पहाटे दोन ते चार.

काका शेवटचा बोलला तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेली होती. म्हणाला, “माड जमिनीला टेकून उठतायत. तू झोप आता.” मागे आवाज असा होता, की घाटातून मालगाडी जातेय आणि ती संपतच नाही. त्याला विचारलं शेजारच्या पक्क्या घरात जाताय ना. हो म्हणाला. नंतर फोन लागला नाही. दोन वाजता नाही, तीन वाजता नाही. चार वाजता नुसती घंटी तरी वाजेल म्हणून पुन्हा केला, ती बाई इंग्रजीत तेच वाक्य बोलत राहिली.

उपग्रहाच्या चित्रात ढगांचा तो पांढरा गोळा रायगडच्या किनाऱ्यावर आला आणि मी बोटाने आमचं गाव कुठे असेल ते शोधत होते. हवामान खात्याने सांगितलं, अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला, ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० चे. आपल्याकडे वेग तीन मिनिटांच्या सरासरीने मोजतात, इथे एका मिनिटाच्या. इथल्या मापाने तोच वारा आकड्यात आणखी मोठा दिसला असता. रात्रभर मी हा हिशोब का करत बसले होते कोण जाणे. काहीतरी मोजायला हवं होतं.

सकाळी ८ वाजून ३५ मिनिटांनी क्रिस्टोबाल मेक्सिकोत सियुदाद देल कार्मेनच्या पश्चिमेला जमिनीवर आलं. ताशी ६० मैल. त्याच्याकडे पाहिलं आणि संगणक मिटला.

४ जून, गुरुवार

काकाचा फोन नाही. गावातल्या कुणाचाच नाही.

बातम्यांत मोठ्या अक्षरांत, ‘मुंबईवरचं संकट टळलं’. ऑफिसमधल्या एका मराठी सहकाऱ्याने निरोप पाठवला, “वाचलो बुवा!” त्याचं घर दादरला आहे, त्याला आनंद होणारच. मी अंगठा पाठवला. नंतर बराच वेळ फोन हातात घेऊन बसले होते. टळलं म्हणजे काय? समुद्रातून उठलेली गोष्ट कुठेतरी गेलीच ना. ती जिथे गेली तिथे आता वीज नाही, टॉवर नाहीत, त्यामुळे तिथून ‘आम्ही नाही वाचलो’ असं सांगायलाही कुणी नाही.

क्रिस्टोबाल मेक्सिकोच्या जमिनीवर घुटमळतंय. नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं. मी दादाला म्हटलं, संपलं हे. तो म्हणाला, “अ‍ॅलिसनच्या वेळीही सगळे हेच म्हणाले होते.” त्याचं म्हणणं असं, की ज्या मोठ्या भोवऱ्यातून ते जन्मलं तो अजून फिरतोय. तो त्याला गोल फिरवून पुन्हा पाण्यात सोडणार.

५ जून, शुक्रवार

दादा बरोबर होता. सोडलं. आज ते उत्तरेकडे वळून आखातात आलं आणि पुन्हा वादळ झालं. पण रोख टेक्सासचा नाही, आमचा.

श्रीवर्धनहून फोन नाही.

६ जून, शनिवार

चुलतभाऊ पनवेलहून मोटारसायकलने निघाला होता. ठिकठिकाणी झाडं कापत रस्ता करत लोक पुढे सरकत होते म्हणे. माणगावला परत येऊन त्याने फोन केला. काका सुखरूप आहे. घराची कौलं गेली, मागची पडवी पूर्ण बसली. वाडीबद्दल विचारलं तर म्हणाला, “ताई, वाडी म्हणजे आता मैदान आहे.” पोफळी सरळ उंच आणि बारीक, मुळं वरवरची. एकीने दुसरीला घेऊन जायचं. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे आमच्याकडची सुपारी, तिच्यावर घरं चालतात. नव्या पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. काका एकाहत्तर वर्षांचा आहे.

स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग हातपाय धुतले आणि पाण्याचे डबे भरायला घेतले, कारण उद्या इथे.

शेजारच्या आजी आल्या. १९६५ च्या बेट्सी वादळात त्या शाळकरी होत्या, २००५ च्या कतरिनात त्यांचं घर सहा फूट पाण्यात होतं. त्यांनी टीव्हीवरच्या पांढऱ्या शंकूवर बोट ठेवून मला विचारलं, आपण याच्या आत आहोत की बाहेर? मी सांगितलं, हा शंकू वादळाच्या आकाराचा नाही. वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकेल एवढंच तो सांगतो, आणि तेही तीनातून दोनदा. पाऊस, वारा, पाणी याची त्यात काहीच खूण नाही. त्या म्हणाल्या, मग हे इतकं मोठं करून का दाखवतात? खरंच का दाखवतात? दादा आणि मी आठवडाभर वादळाच्या मार्गाच्या ज्या रेषेवरून भांडलो तीही फक्त केंद्राचीच.

आणि हे वादळ तर अगदीच एकांगी. पश्चिमेकडून कोरडी हवा आत ओढली गेलीय, त्यामुळे केंद्रापाशी जवळजवळ ढग नाहीत, सगळा पाऊस आणि जोर पूर्वेला, शेकडो मैल लांब. बिलक्सीच्या केस्लर तळावरची हवाई दलाची विमानं आत जाऊन येतायत, त्यांनाही जोराचा वारा केंद्रापासून दूरच सापडतोय. आज संध्याकाळी फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ टॉर्नेडो झाला, याच वादळाच्या बाहेरच्या पट्ट्यातला. नकाशावर केंद्र तेव्हा आखाताच्या मध्यात कुठेतरी होतं. दादाचं मत, याला उष्णकटिबंधीय म्हणणंच चूक. आज वाद घालायची ताकद नव्हती.

ग्रँड आयल, आमच्या किनाऱ्यावरचं बेट, रिकामं करायला सांगितलंय.

७ जून, रविवार

सकाळपासून सरींवर सरी. मध्ये अर्धा तास ऊन, की पुन्हा. आजींनी गाडी दोन रस्त्यांमधल्या उंच गवताळ पट्ट्यावर नेऊन ठेवली. इथे त्याला न्यूट्रल ग्राउंड म्हणतात आणि पाऊस मोठा असला की सगळं गाव तिथे गाड्या चढवतं. मीही ठेवली. या शहराचं पाणी पंपांनी उपसून बाहेर काढावं लागतं. पहिल्या तासाला एक इंच, पुढे दर तासाला अर्धा, एवढीच त्यांची झेप सांगतात. पंपांचा हिशोब इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ते ग्रँड आयलच्या पूर्वेला किनाऱ्यावर आलं. ताशी ५० मैल. आमच्याकडे पाणी गुडघ्यापर्यंतही चढलं नाही. वीज दोनदा गेली आणि आली. पॉन्चरट्रेन सरोवर मात्र बांधाच्या पायऱ्या चढून लेकशोअर ड्राइव्हवर आलं होतं.

कतरिनानंतर अब्जावधी डॉलर खर्चून बांधलेल्या भिंतींच्या आत आम्ही आहोत. ग्रँड आयल बाहेर आहे. मिसिसिपीतलं वेव्हलँड, बे सेंट लुइस हेही बाहेर, आणि जोराच्या बाजूला. तिथले किनाऱ्याचे रस्ते समुद्राखाली गेले.

८ जून, सोमवार

सकाळी ऑफिसच्या बैठकीत पहिलं वाक्य, “न्यू ऑर्लिन्स वाचलं.” मी म्हटलं, वेव्हलँड नाही वाचलं. दोन क्षण कुणी बोललं नाही, मग कामाचं सुरू झालं. उद्धट वाटलं असेल तर वाटू दे.

दादाला फोन केला. तो म्हणाला, तू रेषा जिंकलीस. मी म्हटलं, रेषा नको आता. आम्ही पैशांचं बोललो. पत्रे, मजूर, काकाला आत्ता काय पाठवता येईल, कुणाच्या खात्यावर पाठवायचं, कारण श्रीवर्धनची बँक बंद आहे. दादाने अर्धा खर्च उचलला. शेवटी म्हणाला, “मामाच्या त्या विहिरीजवळच्या माडावर मी चढलो होतो, आठवतं?” आठवतं. उतरता येईना म्हणून काका खालून ओरडत होता.

१० जून, बुधवार

क्रिस्टोबालचा अवशेष मिसिसिपी नदीच्या काठाकाठाने वर वर जात विस्कॉन्सिनपर्यंत पोचला. आखातातून निघालेलं काही इतक्या उत्तरेला क्वचितच जातं. आठवड्यापूर्वी मी यावर तासभर बोलले असते.

सकाळी सहाला अनोळखी नंबर. काका! गावातल्या कुणीतरी जनरेटरवर फोन चार्ज करून दिले होते, रांग लावून एकेकजण बोलत होता. आवाज बसलेला. त्याने आधी मला विचारलं, “तुमच्याकडे काय ते आलं होतं म्हणे, तुम्ही बरे आहात ना?” मी बरी आहे म्हटलं. वाडीबद्दल विचारवेना. त्यानेच सांगितलं, विहिरीजवळचे चार माड उभे आहेत, पोफळी मोजून नऊ.

“ते राहू दे,” तो म्हणाला. “घरावर काही नाही, नुसती ताडपत्री आहे, तीही अर्धी. पत्रे मिळत नाहीत, पत्र्याला दुप्पट भाव सांगतायत. तू ते नकाशे बघतेस ना सारखे? पाऊस कधी धरतोय तेवढं मला नीट बघून सांग. मागे माणसं उभी आहेत.”

मान्सूनची रेषा मी दहा दिवसांत एकदाही उघडली नव्हती. फोन कानाला धरून उघडली. दक्षिण कोकणाच्या अगदी तोंडाशी आली होती.

“उद्या-परवा, काका. त्याच्यापुढे नाही.”

“मग आजच बांधून घेतो,” म्हणाला, आणि फोन पुढच्याच्या हातात गेला.